ताटकळलेलं रक्त

भाची भेटायला गेली तेव्हा आत्या उशीला टेकून सफरचंदाची एकच फोड कधीची चघळत होती. अंगावर नुसती हाडं उरली होती, जीभ मात्र शाबूत.

"या विदुषीबाई! तुमच्या कॉम्प्युटरने मला पास केलं म्हणे. शाळेतसुद्धा पहिल्या फटक्यात कधी जमलं नव्हतं."

कर्करोगावरच्या एका नव्या लशीची चाचणी चालू होती. पहिल्या डोसनंतर रक्तातल्या हजारो जनुकांची हालचाल एकत्र मांडायची आणि लस कोणाला लागू पडेल ते सांगायचं, हे भाचीचं काम. नमुन्यांवर फक्त आकडे असत; त्यातला आत्याचा कुठला, तिला ठाऊक नव्हतं. पास होणाऱ्यांची लस चालू राहायची, बाकीच्यांना केमो.

"रक्त देताना त्रास झाला का गं?"

"मला कसला? झाला तो रक्ताला. ते गरगर फिरवायचं यंत्र बंद पडलेलं, नळ्या दुपारपर्यंत टेबलावर तशाच. मी नर्सला म्हटलं, काळजी करू नका, आमच्या घराण्याच्या रक्तालाच ताटकळायची सवय आहे."

भाची हसली आणि हसता हसताच थांबली. नळीत पडून राहिलेल्या पेशी बिथरतात, धोक्याचा इशारा देणारी जनुकं चालू करतात. आकड्यांत पाहणाऱ्याला वाटतं, प्रतिकारशक्ती जागी झाली.

दुसऱ्या दिवशी तिने रक्त घेणाऱ्या केंद्रावर फोन करून चौकशी केली. पास झालेले जवळजवळ सगळे नमुने यंत्र बंद असतानाचेच निघाले. तिचं कॉम्प्युटर मॉडेल लशीचा परिणाम ओळखायला शिकलंच नव्हतं. ते उशीर ओळखत होतं.

चाचणीच्या प्रमुख सरांनी ऐकून चष्मा काढला. "तुझी आत्या याच चाचणीत आहे म्हणतेस. तिची लस तुझ्या तोंडून बंद होईल, कळतंय ना?"

"कळतंय सर."

"मग बस इथे. चाचणीच्या डॉक्टरांना आत्ताच कळवू."

आत्याला तिने स्वतःच सांगितलं.

"म्हणजे लस लागू पडत नाहीये?"

"तेही माहीत नाही, आत्या. आम्हाला काहीच कळलेलं नव्हतं."

"नाही म्हणाली असतीस तर एकदाच रडून मोकळी झाले असते." आत्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "डॉक्टर सकाळी आले होते. म्हणाले, केमो आता झेपेल असं वाटत नाही. लस चालू होती त्या काळात वजन फार उतरलं."

भाचीने तिचा हात धरला.

"आधीच सुरू केली असती, तर झेपली असती का गं?"

भाचीने हात आणखी घट्ट धरला. आत्याने तो सोडवून घेतला आणि कूस बदलली.