कोरडा बोल्ट

भावनाचं लाखनीतलं गॅरेज उघडून तीन महिने झाले होते, आणि स्वतःच्या हाताबद्दल तिला काडीचीही शंका नव्हती. शंका होती ती लोकांना. हायवेवर बाईचं गॅरेज म्हटल्यावर येणारा आधी तिच्याकडे बघे, मग आत कुणी पुरुष मिस्त्री आहे का ते बघे. आत असायचा तिचा बाप डोमा. चाळीस वर्षं लाखांदूरकडचे ट्रॅक्टर दुरुस्त करून थकलेला, आता खुर्ची टाकून लेकीचं काम कौतुकानं बघत बसायचा.

त्या सकाळी चंद्रकुमारची टॅक्सी तयार झाली. क्लच बदलताना सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि पुढची चाकं पेलणारी जाड चौकट, खाली उतरवावी लागली होती. ती चढवताना भावनानं चारही नवे बोल्ट टॉर्कपान्यानं आवळले. पान्यावर कंपनीचा आकडा लावायचा, ओढायचं आणि कट् आवाज आला की थांबायचं. आई आनंदाबाईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचं म्हणून चंद्रकुमार लगेच निघालाही.

"पाहिलं का, कसे सरसर गेले बोल्ट?" डोमा म्हणाला. "तू फोनवर होती, तवा मी आठही तेलात बुडवून ठेवलो."

भावनानं उरलेल्या चारांतला एक बोल्ट उचलून पाहिला. बोटांना तेल लागलं. धानाच्या बांधीतल्या चिखलात राबणाऱ्या ट्रॅक्टरचा बोल्ट गंजतो, म्हणून डोमानं जन्मभर प्रत्येक बोल्टाला तेल पाजलं होतं. पण हा आकडा कोरड्या बोल्टाचा होता. तेलकट बोल्ट इतका सहज फिरतो, की पाना कट् म्हणेपर्यंत तो नको तितका ताणला जातो. असा बोल्ट आज धरतो आणि भर रस्त्यात दगा देतो. बोल्ट लावताना ते कोरडे आहेत का हे आपण का पाहिलं नाही, याचाच तिला जास्त राग आला.

तिनं फोन लावला. चंद्रकुमार गावाबाहेरच्या पंपावर डिझेल भरत होता.

"भाऊ, गाडी वापस आणा. हळू चालवा."

"काहून? काय झालं?"

"बोल्ट चुकीचे आवळले गेले. चूक माझ्या गॅरेजची आहे."

डोमा उठून उभा राहिला. "येवढं सांगाचं नाही ना पोरी! लोक काय म्हणतीन? उद्यापासून गाडी नाही येणार तुह्याकडे."

"नाही आली तं नाही आली, बाबा."

गाडी आली. शेजारचा पंक्चरवाला योगेंद्र काम टाकून बघायला आला आणि आनंदाबाई गाडीतून उतरून बाकावर बसून पुटपुटू लागल्या. भावनानं कुणाकडे पाहिलं नाही. गाडी वर घेतली, बोल्ट काढले आणि एकेकावर हातानं नट फिरवला. तीन बोल्टांवर तो शेवटपर्यंत गेला. चौथ्यावर मध्येच अडकला.

"ताणला. आटे सरकले," ती म्हणाली आणि बोल्ट चंद्रकुमारच्या हातात दिला. त्यानं दोनदा नट फिरवून पाहिला. दोन्ही वेळा तो तिथंच अडला. त्यानं एकदा बाकावरच्या आईकडे पाहिलं.

"लावा ताई," तो म्हणाला. "आपरेशन दुपारी आहे. घाई नोका करू."

भावना नेहमी जास्तीचे बोल्ट मागवायची, त्यामुळे चार शिल्लक होते. तिनं चौकटीच्या भोकांतले तेलकट आटे साफ केले. मागे वळली तर डोमानं ते चार बोल्ट पेट्रोलमध्ये धुऊन खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायला घेतले होते. एकेक कोरडा करून तो तिच्या हातात देत गेला. चार वेळा कट् वाजलं.

गाडी नागपूरकडे गेली. योगेंद्रही आपल्या दुकानात गेला. डोमा मात्र तो ताणलेला बोल्ट हातात धरून बसून राहिला.

"चाळीस वर्सात मी एकबी ट्रॅक्टर वापस बोलावलो नाही," तो म्हणाला.

"गरज पडली नसंन, बाबा."

"पडली होती," डोमा म्हणाला.