उजवीकडे पळणारे घोडे

पक्षाचा तपासनीस फंग याने चित्रातल्या सगळ्यात पुढच्या घोड्याच्या नाकावर बोट टेकवलं.

"तान मास्तर, हे घोडे निघाले कुठे?"

"धावताहेत, साहेब..."

"ते दिसतंय हो, आंधळा नाही मी. कुठल्या दिशेला?"

जन्मभर तानने घोडे उजवीकडून डावीकडे पळवले होते. जुन्या लिपीचं लिहिणं तसं, वाचणं तसं, हातही तसाच वळलेला.

"कारखान्याच्या सभागृहात उत्तरेच्या भिंतीवर लागणार हे चित्र. म्हणजे डावीकडे पश्चिम. आमचे घोडे भांडवलदारांकडे पळताहेत होय? अजून सही-शिक्का केला नाहीत, तेवढं नशीब. संध्याकाळपर्यंत पूर्वेला वळवा. नाहीतर मला वर कळवावं लागेल."

वर कळवलं की काय होतं, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शेजारच्या निये गुरुजींनी मान खाली घातलेला कोंबडा रंगवला होता. क्रांतीची मान झुकवली म्हणून कागदी टोपी घालून त्यांची धिंड काढली, आणि ते घरी परत आलेच नाहीत.

फंग गेल्यावर तानने नवा कागद पसरला. धावता पाय एका फटकाऱ्यात उतरावा लागतो. कुंचला घुटमळला की शाई पसरते. उलट दिशेला त्याचा हात वळेचना. पहिला घोडा लंगडा झाला, दुसरा बसल्यासारखा. त्याने कुंचला टाकून दिला.

"पेइलान, संपलं सगळं. मला भीती वाटतेय गं."

त्याची बायको पेइलान चित्रांना पाठीमागून जाड कागद चिकटवून द्यायची. तिचाही चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात खळ ढवळतच होते.

"रडायला अख्खी रात्र पडलीय. ते आधीचं चित्र आणा बघू इकडे."

तिने चित्र पालथं घातलं. पातळ कागदातून शाई आरपार झिरपली होती. तेच घोडे, जरासे फिके, आता आयाळ उडवत उजवीकडे निघाले होते.

"हीच बाजू वर ठेवून चिकटवते. सही इथे करा. आहे काय नि नाही काय!"

संध्याकाळी फंगने चित्रामागे मंजुरीची सही ठोकली.

"बघा, जमलं की नाही? उगीच आढेवेढे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह गच्च भरलं. कामगार उत्तरेच्या भिंतीवर चित्र टांगणार, तेवढ्यात जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई कडाडल्या.

"अरे, ही भिंत अध्यक्षांच्या तसबिरीची! अक्कल आहे का? घोडे समोर लावा, दक्षिणेच्या भिंतीवर."

चित्र समोर गेलं. घोडे अजूनही उजवीकडेच पळत होते. पण दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला पश्चिम येते.

तानची बोटं पेइलानच्या मनगटात रुतली. त्याने घाबरत फंगकडे पाहिलं. फंगने घोड्यांकडे पाहिलं, मग खिडकीतल्या उन्हाकडे, मग पुन्हा घोड्यांकडे. चित्रामागे मंजुरीची सही त्याचीच होती. क्षणभर दोघांची नजरानजर झाली.

"सुंदर! फारच सुंदर!" फंग ओरडला, आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवू लागला. बाकीच्यांच्या टाळ्या विरल्या, तरी तो थांबेचना.