बाजूला बसलेली

या माऊली, टाळ घडीभर मांडीवर ठेवा आणि जवळ सरका. काल्याच्या दिवशीची एक गोष्ट तुमच्या कानी घालायची आहे.

कुंदाबाईंनी सॅनिटरी पॅडचं पाकीट पुनमपुढे ठेवलं आणि पोरीनं ते पायाच्या बोटांनी मागं सारलं.

"नको, मावशी. लागत नही."

धुळ्याकडच्या नरडाण्याजवळ एक गाव आहे, तिथं कुंदाबाई आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई होत्या. सप्ताहाचा शेवटचा दिवस. सारा गाव मंडपात, महाराजांचा रसाळ आवाज भोंग्यातून घराघरांत शिरत होता. दहावीतली पुनम मात्र अंगणात गोणपाटावर, ताट-लोटा वेगळा घेऊन बसलेली. तिची आई ललिता विटाळ कडक पाळायची.

"का वं, संपनं का?"

पुनम गोणपाटाचे दोरे उपसत राहिली. मग म्हणाली, "येलच नही, मावशी. मागला महिनामा बी नही."

आईला संशय येऊ नये म्हणून तिनं आपलं आपणच ताट वेगळं केलं होतं. पोरगा तिच्याच वर्गातला. दोघांचेही आईबाप दिवसभर कापसात. ही गोष्ट कळल्यापासून तो फोन उचलत नव्हता.

कुंदाबाईंना ते पाकीट भिंतीवर भिरकावावंसं वाटलं. दिवाळीनंतर त्यांनी नववी-दहावीच्या मुलींना पाळी आणि दिवस राहण्याबद्दल समजावायला अंगणवाडीत बोलावलं होतं, तर मुलींच्या जागी आयाच ओळीनं येऊन बसल्या. शाळेतल्या सरांनीही पुस्तकातला प्रजननाचा धडा घरी वाचायला सांगून पान उलटलेलं. आयांमध्ये पुढं होती ललिताच. हसत म्हणाली होती, "लगीन व्हयनं का बठ्ठं समजस, अक्का. आतेपासून कसाले?" बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि कुंदाबाई लोहाच्या गोळ्या वाटून घरी आल्या. त्या दिवशी आपण आणखी थोडं भांडायला हवं होतं, असं आता त्यांना वाटलं.

"मायले सांगू नका," पुनम म्हणाली. "लगीन लाई दी ती. मनी शाळा सुटी जाई."

न सांगता कसं भागणार? दवाखान्यात न्यायचं तरी आई लागणारच, आणि तिला कळलं की मामाच्या गावचं स्थळ ठरलेलंच. कुंदाबाई गोणपाटावर तिला लागून बसल्या. तिचा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"सांगनं पडी, बेटा. पण शाळा सुटू देवाव नही मी."

तेवढ्यात ललिता दह्याचं पातेलं न्यायला लगबगीनं आली आणि दारातच थबकली.

"अक्का, शिवू नका तिले! बाजूला बठेल शे ती. तुम्हले काल्याले जानं शे ना?"

कुंदाबाईंनी हात सोडला नाही.

"नही बठेल, ललिता."

ललिताला आधी हसू आलं. मग तिनं पोरीकडे पाहिलं, मागं सारलेल्या पाकिटाकडे पाहिलं. पातेलं तिनं उचललं, परत खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"मंडपमा वाट देखी राहिनात," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

कुंदाबाईंनी सरकून गोणपाटावर जागा केली.

तर माऊली, आज काल्याचा घास हातावर पडेल, तेव्हा त्या पोरीची आठवण असू द्या. आणि तिच्या मायचीही. पातेलं हातात धरून ती उभी आहे.