पंपावरची गुलाब

आमच्या घरात सगळ्यात जास्त साफसफाई माझी बायको करते, पण ती कॉम्प्युटरवर. चेलना जळगावची, मेकॅनिकल इंजिनिअर. कुठल्याही वस्तूचं मॉडेल हाती आलं की आधी ती त्यावरची बारीक भोकं, गोलाई, कोरलेली अक्षरं पुसून टाकते. मग त्यावर जाळी टाकते, म्हणजे वस्तूचे हजारो छोटे तुकडे पाडते आणि कुठल्या तुकड्यावर किती ताण येतो ते कॉम्प्युटरकडून काढून घेते. अक्षरं तशीच ठेवली तर त्यांच्या कडेनं इतके चिमुकले तुकडे पडतात की कॉम्प्युटर मान टाकतो. माझं टेबल मात्र तिला कधी साफ करावंसं वाटलेलं नाही.

धुळ्यात आमचा पंपांचा कारखाना आहे. तो सुरू केला माझे आजोबा चंपालाल यांनी. ज्याच्यावरून पंपाची बॉडी ओतली जाते तो लाकडी पॅटर्न दादाजींनी स्वतः बनवला आणि त्यावर पटाशीनं नाव कोरलं, गुलाब. हे माझ्या दादीचं नाव. त्यांच्या काळात बायकोचं नाव तोंडानं घ्यायची पद्धत नव्हती, आजही ते तिला "ऐकलं का" असंच म्हणतात. बोलायची चोरी, म्हणून मग बिडात ओतलं. खान्देशातल्या विहिरी-विहिरींवर माझी दादी बसलेली आहे.

गेल्या वर्षी त्याच बॉडीत आम्ही जास्त दाबाचा पंप काढला आणि बॉड्या तडकायला लागल्या. पिंपळनेरचे तोताराम नाना टेम्पोत पंप टाकून आले आणि अंगणात उभं राहून म्हणाले, "शेठ, तुमनी गुलाब परत फुटनी." कारण सापडलं नाही तर गुलाब बंद करू, असं दादाजी त्या संध्याकाळी म्हणाले आणि जेवले नाहीत. एका पंपासाठी कुणी इतकं झुरतं का, असं मला वाटलं.

चेलनानं काम अंगावर घेतलं. बॉडीचं माप घेऊन मॉडेल केलं, नेहमीप्रमाणे साफ केलं, जाळी टाकली. स्क्रीनवर पंप सगळीकडून निळा, म्हणजे अगदी ठणठणीत. दाराशी मात्र फुटलेल्या बॉड्या पडलेल्या. ती दिवसभर माझ्यावर खेकसत होती.

दादाजी चष्मा लावून बघायला आले आणि हा आपला पंप नाही म्हणाले. नाव कुठं आहे? चेलनानं समजावलं की अक्षरं काही वजन उचलत नाहीत, नुसता हिशेब वाढवतात. दादाजींना ते पटलं नाही. नावाशिवाय तो कुणाचाही पंप असेल, एवढंच बोलून ते तिथंच बसून राहिले. म्हाताऱ्यांचा हट्ट पोरांपेक्षा वाईट. शेवटी त्यांचं मन राखायला तिनं अक्षरं मापाबरहुकूम परत कोरली आणि तिथं खूप बारीक जाळी टाकली. कॉम्प्युटर घरघरत राहिला.

उत्तर आलं तेव्हा "गु"च्या उकाराचं टोक लालभडक होतं. तडा नावातून जातो हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, पण तो नावातूनच निघतो हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

चेलनाच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण सापडलं होतं, पण ते दादाजींना सांगणार कोण? ती म्हणाली तू सांग, मी म्हणालो तू. एवढ्यात दादाजीच आले, मागून दादी चहा घेऊन. चेलनानं हळूहळू सगळं सांगितलं. दादाजींनी स्क्रीनवरच्या त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"फार खोल कोरलं मी," ते म्हणाले.

चेलना घाईघाईनं म्हणाली की उथळ कोरू, कडा गोल करू, नाव ठेवता येईल. दादीनं ट्रे खाली ठेवला.

"काही ठेवू नका. वर्षभर अख्खा खान्देश मी फुटले म्हणतोय, स्वयंपाकघरात ऐकू येतं मला." मग ती थेट दादाजींना म्हणाली, "नाव घ्यायचंच असेल तर तोंडानं घ्या."

दादाजींचे कान लाल झाले. त्यांनी तोंड स्क्रीनकडे फिरवलं, घसा साफ केला.

"चेलना बेटा, इथून गुलाब काढून टाक."

दादी पदर सावरत म्हणाली, "पोरीला नीट ऐकू आलं नसेल."

चेलना त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

"नाही आलं, दादाजी," ती म्हणाली.

दादाजींनी पुन्हा सांगितलं, या वेळी दादीकडे बघून.