बाकाची फळी आणि काटकोन सर

भूमितीचे सर निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात घरात खुर्च्यांवरून वाजलं. जेवणाच्या टेबलाला खुर्च्या चार, आणि मुलगी-जावई आले की माणसं पाच. मग कुणीतरी उंच स्टुलावर बसायचं, आणि ते कुणीतरी नेहमी सरच असायचे. तिथून ते ताटाकडे गच्चीवरून रस्ता बघावा तसे बघायचे.

"मी बाक करतो," ते म्हणाले. "अस्सल लाकडाचा. प्लायवूड नाही."

लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी चष्मा वर केला. "जावईबापू, मागे तुम्ही एक खिळा ठोकलात, तर कॅलेंडरासकट भिंतीचा पोपडा खाली आला होता."

"खिळा वेगळा, आई. बाक म्हणजे आयत आणि काटकोन. तेहेतीस वर्षं मी दुसरं काय शिकवलं?"

शाळेत मुलं त्यांना काटकोन सर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

लाकडाच्या वखारीची मालकीण कानामागे पेन्सिल खोचून फिरणारी, मोजकं बोलणारी बाई होती. तिने एक रुंद फळी आणि पायांसाठी जाड पट्ट्या काढून दिल्या. सरांकडचा कंपासपेटीतला गुण्या लाकडाला अपुरा, म्हणून काटकोन तपासायचा तो लोखंडी गुण्याही वखारीतलाच वापरायला दिला. "फळीत ओल आहे अजून. सावलीत ठेवा," ती म्हणाली. सर तेव्हा फळीची रुंदी स्वतःच्या पट्टीने पुन्हा मोजण्यात गढले होते. त्यांच्या कानांवर काही गेलं नाही.

त्यांनी फळी गच्चीत भर उन्हात आडवी टाकली. दोन दिवसांनी पाहतात तर तिच्या दोन्ही कडा वर उचललेल्या, मधे खोलगट.

"अरे वा," सासूबाई म्हणाल्या. "बाक करता करता होडी झाली की!"

सर तडक वखारीत गेले. "बाई, फळी सदोष आहे."

"उन्हात कुठली बाजू होती?"

"वरची."

"आणि वाकली कुठल्या बाजूला?"

सर आपल्या चपलांकडे बघू लागले. वर्गात ते स्वतः असेच प्रश्न विचारत, आणि चुकलेला मुलगा असाच चपलांकडे बघे.

"वरचं अंग वाळून आकसलं," ती शांतपणे म्हणाली. "आता ओल्या फडक्यावर ठेवा, खोलगट बाजू खाली. पाठीला ऊन लागू द्या. सरळ झाली की लगेच उचला."

घरी ओलं फडकं म्हणून बायकोची चांगली चादर गेली. त्यावरून दोन शब्द ऐकावे लागले. पण दुपारभर सासूबाई पट्टी घेऊन दर अर्ध्या तासाने गच्चीत जात होत्या आणि जिन्यातूनच ओरडत होत्या, "अजून बोटभर आहे!" संध्याकाळी ओरडल्या, "उचला, उचला!" फळी सपाट झाली होती. पुढचे काही आठवडे ती सावलीत, विटांच्या तुकड्यांवर वाळत राहिली.

मग पाय कापायची वेळ आली. गुण्या लावून रेघ मारली, रेघेवरून करवत चालवली, तरी पाय तिरकेच बसायचे. दोनदा झालं तसं. आयुष्यात पहिल्यांदा सरांना वाटलं, आपल्याला काटकोन जमत नाही. जेवताना ते पोळीचे तुकडे नुसतेच मोडत बसले. सासूबाईंनी त्या दिवशी चेष्टा केली नाही. उलट एक पोळी जास्त वाढली.

सकाळी उठल्या उठल्या सरांनी कागदावर गुण्याने रेघ मारली. मग गुण्या उलटा करून त्याच टोकापासून दुसरी मारली. दोन रेघा एकमेकींवर बसायला हव्या होत्या, त्या फाकल्या.

"अहो, ऐकलंत का!" ते घरभर ओरडत सुटले. "मी नाही, गुण्या तिरका आहे!"

वखारवालीने कागद पाहिला, आणि आपले सगळे गुण्ये फळीवर मांडले. सरांनी एकेक तपासला. सहांतले दोन तिरके निघाले.

तिने ते दोन्ही बाजूला सारले. "गेल्या महिन्यात याच गुण्यांनी केलेल्या खिडक्या बसल्या नाहीत म्हणून आमच्या म्हाताऱ्या सुताराला मी नको नको ते बोलले. रुसून घरी बसलाय बिचारा." त्याच दिवशी ती त्याच्या घरी जाऊन माफी मागून आली.

रविवारी बाक टेबलाशी लागला. एक पाय किंचित जाड होता, पण बाक डुगडुगत नव्हता. मुलगी-जावई बसले, मधे सासूबाई बसल्या, आणि सर खुर्चीवर, सगळ्यांच्या उंचीवर. जेवणं आटोपत होती तोच बेल वाजली. दारात म्हातारा सुतार, खांद्याला पिशवी.

"माझी बाजू सिद्ध करणारे सर कोण, ते बघायला आलो," तो म्हणाला. त्याने बाकावर हात फिरवला, वाकून खालून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "सांधे ढिले आहेत. वर्षभरात हलायला लागतील."

सरांचा चेहरा पडला.

"शिकवीन की," सुतार खाली बसत म्हणाला. "त्याआधी चहा टाका. आणि ते रेघा उलट्या मारायचं गणित मला एकदा नीट समजावून सांगा."

सर वही आणायला धावले.