सातवी

प्रसूती विभागात सात डॉक्टर होते. नवा कायदा आला आणि गर्भपात करणं मनाला पटत नसेल तर तसं लिहून देऊन नकार द्यायची मुभा मिळाली, तेव्हा सहा जणांनी पहिल्याच आठवड्यात सह्या ठोकल्या. उरलेल्या डॉक्टरीणबाईंना लोक 'सातवी' म्हणू लागले. तोंडावर मॅडम, पाठ वळली की सातवी.

त्या दिवशी ओळीने दोन सिझेरियन उरकून ती साडेबाराला बाहेर आली, तर सिस्टर दारातच उभी.

"मॅडम, आधी चार नंबरला बघा. सतरावा आठवडा, कालच पाणी गेलंय. नऊपासून पडून आहे."

"नऊपासून? कोणी बघितलं?"

सिस्टरने मान खाली घातली. "सर म्हणाले, ती तुमची केस."

चार नंबरच्या बाईचं अंग तव्यासारखं तापलं होतं, दात वाजत होते. नवरा फाइल छातीशी धरून भिंतीला टेकलेला. सातवीने थिएटर तयार करायला सांगितलं, इंजेक्शनं सुरू केली आणि तडक विभागप्रमुखांच्या खोलीत शिरली. सर चष्मा पुसत बसले होते.

"तिच्या अंगात विष भिनतंय. मूल वाचणार नव्हतंच, सकाळीच गर्भ काढून तिला मोकळी करायला हवी होती."

"माझी सही आहे. तुम्हाला ठाऊक आहे."

"बाईच्या जिवावर बेतलं तर ती सही चालत नाही. त्याच कागदावर खाली छापलंय."

"बेतलंय हे मला कसं कळणार? मी तिला तपासलेलंच नाही."

आता तिला उमगलं. तपासलं असतं तर काहीतरी ठरवावं लागलं असतं, म्हणून हा माणूस साडेतीन तास त्या खाटेवरून नजर चुकवून ये-जा करत होता.

"तुमचे हात स्वच्छ राहिले," ती म्हणाली. "छान झालं."

"तोंड सांभाळून बोला."

"तेवढा वेळ नाहीये."

ऑपरेशनच्या टेबलावर बाईचं रक्त थांबता थांबेना. शेवटी गर्भपिशवीच काढावी लागली. बाई वाचली.

संध्याकाळी सर स्वतःहून तिच्या टेबलापाशी आले. आवाजात साखर. "पेशंट उशिरा आली, एवढंच लिहा. त्यात तुमचंही भलं आहे."

तिने त्यांच्यादेखत लिहिलं: आगमन नऊ वाजता, साडेबारापर्यंत एकाही डॉक्टरने तपासले नाही. कागद तिने शेजारी उभ्या सिस्टरपुढे सरकवला. सिस्टरने एकदा सरांकडे पाहिलं आणि खाली सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण केली.

चौकशी झाली. सरांना लेखी ताकीद मिळाली आणि सातवीला विभागाने वाळीत टाकलं. ती आली की चहाच्या खोलीतले कप आपोआप रिकामे व्हायचे. सिस्टरची बदली कपडे धुण्याच्या विभागात झाली. कारण कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

घरी जायच्या दिवशी चार नंबरची बाई खाटेच्या कडेला चपला घालून बसली होती. सातवीने टाके पाहिले, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगितलं.

"त्या दिवशी सकाळी तुम्ही कुठे होता?" बाईने विचारलं.

"दुसऱ्या दोघींच्या ऑपरेशनला."

"त्यांची मुलं?"

"बरी आहेत."

बाईने मान हलवली. "मी तुमचे आभार मानणार नाही," ती म्हणाली, आणि नवऱ्याचा हात धरून उठली.

"नका मानू," सातवी म्हणाली, आणि पाच नंबरच्या खाटेकडे वळली.