पाण्यातली ताकद

मालनबाईंचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरेना. धायरीतल्या त्या रुग्णालयात खाटा एकमेकींना अगदी खेटून होत्या. खाट आणि भिंत यांच्या फटीत स्टूल घालून नागोराव बसले होते. उठायचं तर शेजारणीचं टेबल सरकवावं लागे, म्हणून ते उठतच नव्हते.

डॉक्टर भाग्यश्री आल्या. "काका, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय आणि आमचं औषध लागू पडत नाहीये. परत विचारते, यांनी आधी कधी अँटिबायोटिक घेतलंय?"

"नाही हो. डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही ती."

"मग जंतूंना या औषधाची सवय लागली कुठे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तपासणीचा अहवाल उद्या संध्याकाळी येईल. दुसरं औषध मूत्रपिंडाला जड आहे. ठोस कारण असल्याशिवाय देणार नाही."

त्या शेजारच्या खाटेकडे वळल्या. नर्सने मालनबाईंच्या सलाइनच्या दांडीला त्याच औषधाची नवी बाटली अडकवली. नागोरावांनी चष्मा लावला. वेळ जात नसला की दिसेल ते वाचायची त्यांना सवय. बाटलीवरचं नाव त्यांनी अक्षर लावत वाचलं आणि ते गारच पडले.

हे नाव त्यांच्या शेडमधल्या निळ्या कॅनवर होतं. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या तीन हजार कोंबड्या होत्या. पक्षी आजारी पडायच्या आधीच पाण्यातून ताकद द्यायची, असं एजंटाने शिकवलं होतं. तेव्हापासून घरात त्याला ताकदच म्हणत. मालनबाई रोज सकाळी त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ढवळायच्या, मग विष्ठेने भरलेली भांडी घासायच्या. त्याला औषध असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं.

"काय वाचता एवढं?" मालनबाई पुटपुटल्या. "बाटलीवर पोथी आहे का?"

"ही आपलीच ताकद आहे गं."

मालनबाईंनी नागोरावांची बाही धरली. "बोलू नका. परवा व्यापारी कोंबड्या उचलायला येतोय. बोभाटा झाला तर आपल्या आयुषने करायचं काय? त्याच्या पोराबाळांनी?"

"आणि तुझं?"

"माझं काय. उतरेल."

तापलेली बोटं बाही सोडेनात. नागोरावांनी एकेक बोट हळूच सोडवलं आणि टेबल ढकललं. ते करकरलं. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं.

"काय हवंय, काका?"

"ते... सवयीचं विचारलंत ना. आम्ही कोंबड्यांना पाण्यातून ताकद देतो. रोज."

"म्हणजे व्हिटॅमिन?"

"आम्हीही तसंच समजत होतो."

"नाव काय त्याचं?"

नागोरावांनी बाटलीकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी बाटली पाहिली, मालनबाईंकडे पाहिलं आणि नळीचं चाक फिरवून थेंब थांबवले. "किती वर्षं?"

"नऊ."

"पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही औषधाचं विचारलंत," नागोराव म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते कसंतरी वाटलं.

डॉक्टर दुसरं औषध मागवायला भराभर गेल्या. मालनबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नागोराव पुन्हा फटीत शिरले, तेवढ्यात फोन वाजला. आयुष होता.

"बाबा, ड्रममध्ये ताकद दोन झाकणं टाकू की तीन? चार-पाच पक्षी सुस्त दिसतायत."

"काही टाकू नकोस."

"मग मरतील ना ते."

"ती ताकद नाही, औषध आहे रे," नागोराव म्हणाले. शेजारीण टेबल परत जागेवर ओढत होती.